जोत्याखालचे दफ्तर

तालुक्याच्या गावी सात-आठ सदनिकांची इमारत उभारणाऱ्या लहान बांधकाम व्यावसायिकाच्या कचेरीत भिंतीवर टांगलेले भावी इमारतीचे रंगीत चित्र आणि गणपतीची तसबीर यांच्याकडे पाहुण्याचे लक्ष प्रथम जात असले, तरी त्या खोलीतील खरी सत्ता गाजवणारी वस्तू टेबलाच्या कडेला दोरीने आवळून ठेवलेली असते. आणि ती म्हणजे, कडा मळून गेलेली, पोट फुगलेली, दोन-तीन ठिकाणी टाचण्यांनी शिवलेली फाईल. सातबारा, फेरफाराचे उतारे, मोजणीची ‘क’ प्रत, झोन दाखला, बिनशेतीची सनद, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, विकास शुल्काची आणि कामगार उपकराची पावती, पाणीपुरवठा व मलनिस्सारण विभागांची नाहरकत, वास्तुविशारदाचे आणि आर.सी.सी. सल्लागाराचे देखरेखीचे हमीपत्र, शेजाऱ्याने घेतलेली हरकत आणि त्या हरकतीवरचा खुलासा, असा तिचा ऐवज असतो. इमारत जसजशी वर चढते तसतशी ती फाईलही जाड होत जाते, आणि इमारतीला रंग लागतो त्या सुमारास तिचे दोन भाग करावे लागतात.

मोठ्या शहरातील मोठ्या कंपन्यांत या फाईलसाठी स्वतंत्र खाते, त्या खात्याला स्वतंत्र प्रमुख आणि त्या प्रमुखाला स्वतंत्र मोटार असते. लहान माणसाचे तसे नाही. तो बहुधा गवंड्याचा वा ठेकेदाराचा मुलगा असतो, नाहीतर खतांच्या दुकानात साठलेले चार पैसे घेऊन मेहुण्याच्या भागीदारीत या धंद्यात उतरलेला असतो. सकाळी तोच मुकादमाशी मजुरीचा हिशेब करतो, दुपारी तोच नगरपरिषदेत त्रुटीपत्राला उत्तर देतो आणि संध्याकाळी तोच गिऱ्हाइकाला खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याचे वर्णन ऐकवतो. कायदा मात्र त्याच्याकडे पाहताना तो एक आहे की शंभर आहेत हे फारसे विचारीत नाही. या वर्षी कऱ्हाड-सांगलीच्या पट्ट्यात अशा काही व्यावसायिकांच्या कामावर मला जाता आले, त्यांच्या फाइली चाळता आल्या आणि त्यांच्या तक्रारी ऐकता आल्या. कागद फार मागतात, ही ती तक्रार. ती खोटी नाही. पण कागदांचा तो ढीग उपसल्यावर माझ्या ध्यानात आले ते काहीसे निराळे होते. जे कागद सरकार मागते त्यांतील बहुतेक इमारतीच्या आकाराविषयी आहेत, आणि इमारतीच्या बळाविषयीचा जो कागद आहे तो सरकार डोळ्यांनी पडताळून पाहात नाही. तो लिहिण्याचा किंवा न लिहिण्याचा निर्णय शेवटी त्या एकट्या माणसावर सोडलेला आहे.

हे असे का झाले याचे कारण जुने आहे. आपल्याकडील नगररचनेच्या कायद्यांचा जन्म भूकंपातून किंवा कोसळलेल्या घरांतून झाला नाही. तो झाला प्लेगातून. १८९६ साली मुंबईत प्लेगाने थैमान घातले, दाटीवाटीच्या चाळी आणि उजेड-वारा न शिरणाऱ्या खोल्या हे त्याचे आश्रयस्थान ठरले, आणि १८९८ साली रस्ते रुंद करण्यासाठी व कोंदट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा आला. १९५४ साली त्याची जागा दुसऱ्या कायद्याने घेतली. आणि आज ज्याच्या आधारे महाराष्ट्रातील प्रत्येक घराचा नकाशा मंजूर किंवा नामंजूर होतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. या साऱ्या परंपरेला चिंता होती ती दोन भिंतींमधील अंतराची, खिडकीच्या क्षेत्रफळाची, रस्त्याच्या रुंदीची. म्हणून तपासणीस आलेल्या सरकारी माणसाच्या हातात आजही सर्वप्रथम टेप येते, आणि तो सर्वप्रथम मोजतो ती इमारतीभोवतीची रिकामी जागा.

परवानगी मिळण्याच्या वाटेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण ती वाट पूर्वीपेक्षा निश्चित सुधारली आहे. २०२० च्या डिसेंबरात मुंबई व काही अपवाद वगळता सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तोवर प्रत्येक गावाचा नियम वेगळा आणि प्रत्येक नियमाचा अर्थ लावणारा कारकूनही वेगळा होता. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याने नकाशा सादर करून शुल्क भरले की त्याची पोचपावती हीच परवानगी, आणि ३०० चौरस मीटरपर्यंत परवानाधारक तंत्रज्ञाच्या दाखल्यावर त्वरित मंजुरी, अशी सोय तीत आहे. अर्जही आता संगणकावर होतात. १९६६ च्या कायद्यातील ४५ व्या कलमात तर अशी तरतूद पूर्वीपासून आहे, की नियमांत बसणाऱ्या अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी दिली असे मानावे. मात्र मध्येच खुलासा मागवला तर ते ६० दिवस खुलासा मिळाल्यापासून मोजावेत, असेही त्याच कलमात आहे. कोणते त्रुटीपत्र कोणत्या आठवड्यात निघते, याचा या दोन वाक्यांशी असलेला संबंध प्रत्येक लहान व्यावसायिक हसत हसत सांगतो. मानीव परवानगीच्या जोरावर पाया खोदणारा मात्र मला कोणी भेटला नाही. बँक त्या कागदावर कर्ज देत नाही, आणि उद्या भोगवटा प्रमाणपत्र मागायला त्याच खिडकीवर जायचे असते.

खरा विषय सुरू होतो तो जोत्यापासून.

पाया भरून, जोते बांधून, आत मुरूम दाबून झाला की पुढचे काम सुरू करण्यापूर्वी जोत्याची सूचना द्यावी लागते, आणि काम मंजूर नकाशाबरहुकूम असल्याचा तंत्रज्ञाचा दाखला तिला जोडावा लागतो. आता प्रत्येक जोत्यावर अधिकारी येतोच असे नाही. काही कामे निवडून पाहिली जातात. मी गेलो त्या दिवशी ज्या कामाची पाळी होती ते गावाबाहेरच्या नव्या वसाहतीतील आठ सदनिकांचे काम होते. नगररचना विभागाचा तरुण अभियंता स्कूटरवरून आला, त्याने नकाशाची घडी जोत्यावर उलगडून चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि टेपचे टोक बिगाऱ्याच्या हातात दिले. समोरचे अंतर तीन मीटर भरले. मागचे भरले. बाजूचे दीड मीटर हवे होते. तेथे टेप चार सेंटिमीटर अलीकडेच थांबली.

“शेठ, हे बसत नाही.”

“साहेब, ती कंपाउंडची भिंत शेजाऱ्यांची आहे. ती आमच्यात आलीय. हद्दीचा दगड बघा ना आधी.”

“कुठाय दगड?”

दगड दिसत नव्हता. पायातून निघालेली माती नेमकी त्या कोपऱ्यात टाकली होती. मग फावडी आली, माती बाजूला झाली, आणि कमरेइतक्या खड्ड्यात मोजणीच्या वेळी पुरलेला, चुन्याचा पुसट डाग अजून अंगावर असलेला दगड सापडला. त्याच्यापासून टेप धरली तेव्हा दीड मीटर पुरे होऊन वर बोटभर उरले. अभियंत्याने मोजणीच्या ‘क’ प्रतीशी पुन्हा ताडून पाहिले, मोबाइलवर चारी बाजूंची छायाचित्रे घेतली, जोत्याची रस्त्यापासूनची उंची आणि जिन्याची रुंदी मोजली, पाण्याच्या टाकीची जागा विचारली, चहा घेतला. त्याचे काम त्याने चोख केले, आणि ज्या सचोटीने केले ती मला आवडली. मातीचा ढीग उपसायला लावण्याऐवजी ‘बघून घेऊ’ असे म्हणण्याची सोय त्याला होती.

जाताना मी त्याला विचारले, की या जोत्याखाली फुटिंगात जी सळई आहे ती तुम्ही केव्हा पाहता? “ते आर.सी.सी. कन्सल्टंटचं,” तो म्हणाला, आणि ते अगदी बरोबर होते. नियमच तसा आहे. इमारतीचे गणित, तिचे लोखंड, तिचे काँक्रीट यांची जबाबदारी परवानाधारक स्थापत्य सल्लागाराने लिहून घेतलेली असते आणि काम पुरे झाल्यावर इमारत मजबूत असल्याचा दाखलाही तोच देतो. सरकार त्या दाखल्यावर विश्वास ठेवते. हा विश्वास ठेवणे मुळात वावगे नाही; कोणत्याही नगरपरिषदेच्या पदरी प्रत्येक फुटिंगाजवळ उभे राहण्याइतकी माणसे नाहीत आणि ती असण्याची शक्यताही नाही. परंतु या व्यवस्थेचा अर्थ एवढाच, की ज्या दिवशी मुरूम पडला त्या दिवशी त्याखालच्या लोखंडाचा पुरावा जगातून नाहीसा झाला. तो कोणी लिहून ठेवला असेल तर आहे, नाहीतर नाही.

अडचण अशी, की तालुक्याच्या ठिकाणी सल्लागार थोडे आणि कामे पुष्कळ. एकेका सल्लागाराच्या सहीवर किती कामे उभी आहेत हे त्याला स्वतःला विचारले तर तोही बोटे मोजू लागेल. त्याची फी चौरस फुटावर ठरते, कामावर येण्यावर ठरत नाही. काही जण प्रत्येक स्लॅबपूर्वी येतात, वाकून पाहतात, दोन सळया वाढवायला लावतात आणि मुकादमाच्या शिव्या खातात. काही जण नकाशा देतात, हमीपत्रावर सही करतात आणि एकदम शेवटच्या दाखल्याच्या वेळी भेटतात. सही भाड्याने मिळते, असे एका वृद्ध ठेकेदाराने मला सांगितले, आणि सांगताना त्याने आवाज जराही खाली केला नाही.

वर उल्लेखिलेल्या आठ सदनिकांच्या कामावरचा व्यावसायिक मात्र या बाबतीत निराळा निघाला. त्याच्या फाइलीशेजारी एक साधी, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारीसाठी वापरतात तशी वही होती. तिच्यात प्रत्येक फुटिंगाचा क्रमांक, तारीख, सळयांची संख्या आणि जाडी, काँक्रीट टाकल्याची वेळ, आणि त्यासमोर छायाचित्राचा क्रमांक. छायाचित्रात फुटिंगाच्या जाळीवर मुलांची पाटी उभी केलेली, पाटीवर खडूने तारीख आणि क्रमांक. लोखंडाच्या प्रत्येक खेपेबरोबर आलेले कारखान्याचे चाचणीपत्र वहीत चिकटवलेले. सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा जो आठवडा छापलेला असतो तोही टिपलेला. हा कागद त्याच्याकडे कोणी मागितला नव्हता. कोणत्याही खिडकीवर तो दाखल होणार नव्हता.

त्याच दिवशी दुपारी पहिल्या मजल्याच्या कॉलमांसाठी रिंगा वळण्याचे काम चालले होते. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती जी आडवी लोखंडी कडी घालतात तिला कामावर रिंग म्हणतात. भूकंपाच्या प्रदेशात या रिंगेचे टोक काटकोनात न थांबता १३५ अंशांपर्यंत आत, काँक्रीटच्या पोटात वळले पाहिजे, आणि कॉलम व बीम जेथे मिळतात त्या जोडाजवळ दोन रिंगांतील अंतर १० सेंटिमीटरांहून अधिक असता कामा नये, असे भारतीय मानक सांगते. कारण सरळ आहे: जमीन हादरली की कॉलमच्या बाहेरचे काँक्रीट प्रथम गळते, काटकोनातील टोक अशा वेळी उलगडते, रिंग सुटते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात, आत वळलेले टोक मात्र धरून राहते. कोयनानगर येथून फार दूर नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तेथे जो भूकंप झाला त्याची आठवण सांगणारी माणसे या भागात अजून आहेत. पण अधिक वळवायचे म्हणजे प्रत्येक टोकाला हाताचा एक झटका अधिक, आणि दिवसाला शेकड्यांनी रिंगा वळणाऱ्या बारबेंडरला तो झटका संध्याकाळी खांद्यात जाणवतो.

“मामा, हूक आत घ्या म्हटलं होतं.”

“घेतोय की. पण शेठ, तीस वर्षं काटकोनातच वळतोय. एक घर हललं नाही.”

“हलायची वेळच आली नाही मामा. आणि फोटो निघणार आहे.”

“फोटोत काय तोंड दिसतंय का माझं?”

“हूक दिसतोय.”

मामा पुटपुटले, पण पुढची रिंग आत वळली. त्या वहीची सारी किंमत मला त्या पुटपुटण्यात दिसली. तपासायला कोणी येवो न येवो, नोंद होणार आहे एवढ्या जाणिवेने माणसाचा हात बदलतो.

हे सारे अतिदक्षतेचे लक्षण आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ मुंब्र्याच्या शीळ फाटा भागात बांधकाम चालू असलेली सात मजली इमारत कोसळून ७४ माणसे मेली. त्या इमारतीला परवानगीच नव्हती. कागद म्हणावा असा कागदच तिच्यामागे नव्हता, आणि म्हणून त्या दुर्घटनेचा निष्कर्ष सर्वांना सोपा वाटला. २४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी महाड शहरात पाच मजल्यांची निवासी इमारत कोसळली. १६ जण गेले. चार वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला. त्या इमारतीला दहा वर्षेही पुरी झाली नव्हती. गुन्हा दाखल झाला तो बांधणाऱ्यावर, वास्तुविशारदावर, आर.सी.सी. सल्लागारावर आणि नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवर. म्हणजे अशा इमारतीच्या फाइलीत ज्यांच्या ज्यांच्या सह्या असतात त्या सर्वांवर. महाड हे महानगर नव्हे. तेथील इमारत बांधणारे आणि तीत राहणारे लोक आपल्याच तालुक्यांतील लोकांसारखे. शीळ फाट्यावर कागद नव्हता हे दुर्घटनेचे कारण म्हणून पुरते. महाडला ते कारण पुरत नाही, आणि लहान व्यावसायिकाची झोप उडावी अशी घटना कोणती असेल तर ती ही दुसरी.

आता काँक्रीटच्या चौकोनांविषयी. त्यांना कामावर क्यूब म्हणतात. स्लॅब टाकताना त्याच मालातून १५० मिलिमीटर बाजूचे लोखंडी साचे भरायचे, दुसऱ्या दिवशी त्यांतले ठोकळे पाण्यात ठेवायचे, आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत यंत्राखाली फोडून पाहायचे, ही रीत. आठ सदनिकांच्या इमारतीचा एक स्लॅब बीमसह साधारण २५ घनमीटर धरला, तर मानकाप्रमाणे त्यातून तीन नमुने, म्हणजे प्रत्येकी तीन याप्रमाणे नऊ क्यूब घेतले पाहिजेत. एम-२५ प्रतीचे काँक्रीट ठरले असेल तर तो वीतभर चौकोन सुमारे ५७ टनांचा भार पेलूनच फुटायला हवा. परंतु मुकादमाला हे गणित उलट्या बाजूने पाठ असते: क्यूब भरायची वेळ आली की मिक्सरमधून एक घमेले वेगळे निघते, त्यात सिमेंटची ओंजळ अधिक पडते, पाणी कमी पडते, आणि प्रयोगशाळेचा अहवाल असा सुंदर येतो की तो पाहून सल्लागारालाच लाज वाटावी. स्लॅबच्या काँक्रीटला त्या अहवालाचा काडीचा उपयोग नाही. शिवाय २८ दिवस थांबायला कोणी तयार नसते; अहवाल हाती येतो तोवर वरच्या मजल्याचे कॉलम उभे राहिलेले असतात. ७ दिवसांनी काही क्यूब फोडून अंदाज घेण्याची सोय आहे, ती लाल वहीवाला वापरतो. त्याने आणखी एक केले आहे: क्यूब कोणत्या खेपेतून भरायचे हे तो मुकादमाला आधी सांगत नाही. स्लॅबच्या मध्यावर, ऐन गडबडीत, घमेले डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईला थांबवून तेच घमेले साच्यात ओतायला लावतो. मुकादम रागावतो. रागावू दे.

याच वहीत टेकू काढण्याच्या तारखा आहेत, आणि त्या पाहताना मला बरे वाटले. साडेचार मीटरपर्यंत गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा. बीमखालचे सहा मीटरपर्यंत चौदा आणि पुढे एकवीस दिवस ठेवावेत असा दंडक आहे. सेंट्रिंगवाल्याला पत्रे आणि बल्ल्या दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात, भाडे रोजावर चालते, आणि एखाद्या सोमवारी शेठ गावाला गेलेला असताना टेकू चार दिवस आधी निघतात. मानकाची तारीख सेंट्रिंगवाल्याला ठाऊक नसते असे नाही. ती लिहिलेली कोठे नसते.

सुरक्षेच्या कागदांचे मात्र हाल आहेत, आणि येथे लहान व्यावसायिकाची मी फारशी कड घेऊ शकत नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली जे केंद्रीय कायदे झाले त्यांनी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कामाला आपल्या कक्षेत घेतले, काम सुरू करण्यापूर्वी ३० दिवस निरीक्षकाला सूचना देणे बंधनकारक केले आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी बसवला. हा उपकर परवानगीच्या वेळीच भरून घेतला जातो, त्यामुळे तो चुकत नाही. ज्यांच्यासाठी तो भरला ते कामगार मात्र कामगार कल्याण मंडळाच्या दफ्तरी बहुधा नसतात. नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो, त्यावर मालकाची सही लागते, आणि मालक ती सही करायला कचरतो. उद्या काही विपरीत घडले तर हा माणूस माझा होता हे मीच लिहून दिले असे होईल, ही त्याची भीती. माणूस तर त्याचाच असतो. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती त्या कायद्यांत पाचशे कामगारांपासून होती. कामगार सुरक्षेच्या २०२० च्या संहितेने बांधकामासाठी ती अडीचशेवर आणली. वीस-पंचवीस माणसांच्या कामावर सुरक्षा अधिकारी कोण? तोच, जो सकाळी हिशेब करतो आणि संध्याकाळी वाऱ्याचे वर्णन करतो.

परांचीकडे पाहावे म्हणजे सारे कळते. बांबू, काथ्या आणि दोन फळ्या. फळीच्या बाहेरच्या बाजूला आडवा कठडा नाही, खाली जाळी नाही, आणि प्लॅस्टर करणाऱ्याच्या पायात रबरी चप्पल. शिरस्त्राणे कचेरीच्या कोपऱ्यात एकात एक घालून ठेवलेली असतात, पाहुणे आले की निघतात. मला मिळाले ते नवेकोरे होते. पुण्यात बालेवाडी येथे २९ जुलै २०१६ रोजी उंचावरच्या स्लॅबचे काम चालू असताना तो कोसळून ९ कामगार मेले. कोंढव्यात २९ जून २०१९ च्या मध्यरात्री पावसाने संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरील कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडून १५ जण झोपेत गेले. ती मोठ्या शहरातील मोठी कामे होती. तालुक्याच्या गावी माणूस एकेकटा पडतो, आणि एकेकट्या मरणाची बातमी आतल्या पानावर येते किंवा येतच नाही. तडजोड होते, काही रक्कम गावाकडे पोहोचते. १९२३ पासून कामगार नुकसानभरपाईची तरतूद या देशाच्या कायद्यात आहे. विम्याचा हप्ता एका सदनिकेच्या फरशीच्या खर्चापुढे किरकोळ आहे. लाल वहीवाल्याकडे विमा होता. कठडा त्याच्याही परांचीला नव्हता. मी विचारले तेव्हा तो खाली पाहून म्हणाला, “बांबू कमी पडले,” आणि मग स्वतःच, “लावतो.”

रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा कायदा, याविषयी थोडक्यात. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील तर नोंदणीतून सूट आहे. म्हणूनच आपल्या गावांत आठ सदनिकांच्या इमारती एवढ्या दिसतात, आणि नववी सदनिका ‘सोसायटी ऑफिस’ म्हणून नकाशात नांदते. नोंदणी झाली तर गिऱ्हाइकाच्या पैशातील ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून वास्तुविशारद, अभियंता आणि सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवर काढावे लागतात, जे मुळात चांगलेच आहे. पण नोंदणी म्हणजे तपासणी नव्हे. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून रेराचे क्रमांक मिळवले होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला. घरे घेणाऱ्यांनी क्रमांक पाहूनच पैसे भरले होते. त्यानंतर परवानग्या स्थानिक संस्थेच्या नोंदींशी ताडून पाहण्याची व्यवस्था अधिक कडक झाली. शिक्क्यावरून कागद खरा मानण्याची आपली जुनी खोड यामुळे सुटेल असे मला वाटत नाही.

शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ते नसेल तर ताबा देता येत नाही असे कायदा म्हणतो, आणि ते नसलेल्या इमारतींत सत्यनारायण होऊन वर्षे लोटलेली असतात असे गाव म्हणते. बाल्कनी आत घेतली, पार्किंगमध्ये गाळा काढला, गच्चीवर पत्रे टाकले, की नकाशा आणि इमारत यांचा संबंध तुटतो. मग प्रमाणपत्र अडते, घरपट्टीवर शास्ती बसते, आणि तिचे बिल गिऱ्हाइकाच्या नावाने येते. आठ सदनिकांच्या कामावर तसे झाले नव्हते. दिवाळीच्या आधी तेथे प्रमाणपत्र आले. प्रमाणपत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत इमारतीचे नकाशे व कागद सभासदांच्या संस्थेच्या हवाली करावेत, अशी तरतूद रेरा कायद्याच्या १७ व्या कलमात आहे. या व्यावसायिकाला नोंदणीची सूट होती, तरीही त्याने आर.सी.सी.चे सर्व नकाशे, क्यूबचे अहवाल, लोखंडाची चाचणीपत्रे आणि त्या लाल वहीची झेरॉक्स एका जाड बाइंडरमध्ये बांधून नियोजित चिटणीसांच्या हातात दिली. चिटणीस निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांनी बाइंडर वजन पाहिल्यासारखा हातात तोलला, दोन पाने उलटली, पाटीवरची तारीख असलेले छायाचित्र जरा वेळ पाहिले आणि विचारले, “हे ठीक आहे हो शेठ, पण पार्किंगचं वाटपपत्र कुठंय?”

ते मात्र द्यायचे राहिले होते.